व्हेनिसमध्ये वाट चुकायची कशी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

व्हेनिसला पहिल्यांदा गेलेली बहुतेक मंडळी एकच रस्ता बघून परततात. स्टेशनातून बाहेर पडायचं, गर्दीबरोबर लिस्ता दी स्पान्या आणि स्त्रादा नोव्हा या दोन रस्त्यांनी रिआल्तोच्या पुलापर्यंत यायचं, तिथून सान मार्कोचा चौक गाठायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने माघारी. या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. पण तिथूनच दोन गल्ल्या आत शिरा. दोन घरांच्या मध्ये दोरीवर कपडे वाळत असतात, शाळा सुटलेली पोरं चेंडू खेळत असतात आणि खाली पाणी दगडाला चुबुक चुबुक लागत असतं. व्हेनिस बघायचं तर ठरवून वाट चुकली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ठरवून चुकायचं म्हणजे काहीच माहीत नसताना वाट्टेल तिकडे सुटायचं, असं नाही. तसं केलं तर तासाभरात पाय दुखतात, भूक लागते, मुलं कुरकुरायला लागतात आणि माणूस वैतागून पुन्हा गर्दीच्या रस्त्याला लागतो. चार गोष्टी आधी डोक्यात पक्क्या असल्या की मग खुशाल भरकटता येतं. एक दिलासा आधीच देतो. या शहरात गाड्या नाहीत, सगळीकडे पाणी आहे, त्यामुळे कितीही चुकलात तरी शहराच्या बाहेर जाऊ शकत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चाललं तर साधारण तासाभराचा रस्ता आहे.

१. आधी शहराचा आकार डोक्यात बसवा

व्हेनिस शंभरावर छोट्या बेटांचं मिळून झालेलं आहे (११८ हा आकडा नेहमी सांगतात) आणि ती चारशेहून जास्त पुलांनी जोडलेली आहेत. हे आकडे विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायची ती ग्रँड कनाल. उलट्या ‘एस’सारखी वळणं घेत जाणारी सुमारे पावणेचार किलोमीटरची ही पाण्याची वाट शहराचे दोन भाग करते. आणि एवढ्या लांबीवर पूल फक्त चार. स्टेशनच्या बाजूने निघालं तर पहिला पोलाद-काचेचा कोन्स्तितुत्सिओने (२००८), मग स्टेशनसमोरचा स्काल्झी (१९३४), मधोमध दगडी रिआल्तो (१५९१) आणि शेवटी लाकडी अक्कादेमिया (१९३३).

यावरून एकच नियम निघतो: आपण ग्रँड कनालच्या कोणत्या काठाला आहोत, हे कधीही विसरायचं नाही. बाकी सगळं विसरा. समोर पन्नास मीटरवर दिसणाऱ्या घरापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो, तो याच कारणाने.

चारही पूल लांब पडत असतील तर त्रागेत्तो आहे. ही काहीच सजावट नसलेली गोंडोला. दोन माणसं वल्हवतात आणि काठावरून समोरच्या काठावर सोडतात, पाहुण्यांकडून दोन युरो घेऊन. रिआल्तोच्या बाजारासमोर सांता सोफियापाशी ती मिळते. स्थानिक लोक त्यात उभ्यानेच जातात. बसायचं असेल तर बसा, कुणी काही म्हणत नाही. गोंडोलात बसायची हौस एवढ्यावरही भागते, असं मला वाटतं.

दुसरी खूण मोठ्या पाण्याची. चालता चालता अचानक समोर उघडं खाडीचं पाणी आलं आणि पलीकडे विटांच्या भिंतीत बंदिस्त, सुरूच्या झाडांचं बेट दिसलं, तर ते सान मिकेले, म्हणजे शहराची दफनभूमी. तुम्ही उत्तर टोकाला, फोंदामेंते नोव्हे या धक्क्यावर पोचलात. मुरानोच्या बोटी इथूनच सुटतात. पाण्यापलीकडे घरांची लांबलचक रांग आणि मध्ये पांढऱ्या दर्शनी भिंतीचं, घुमटाचं रेदेंतोरे चर्च दिसलं, तर ती जुदेक्का, म्हणजे तुम्ही दक्षिणेला झात्तेरेवर आहात. या दोन खुणा पाठ असल्या की होकायंत्र नको.

२. पत्त्यावर फार विसंबू नका

शहराचे सहा भाग आहेत. त्यांना सेस्तिएरी म्हणतात: कान्नारेज्यो, कास्तेल्लो आणि सान मार्को एका काठाला; सांता क्रोचे, सान पोलो आणि दोर्सोदुरो दुसऱ्या काठाला. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसून सेस्तिएरेप्रमाणे आहेत. पुण्यातल्या पेठांत घर नंबर जसा अख्ख्या पेठेचा असतो, तसंच. डोजेंचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखांचा, राजवाडा म्हणजे ‘सान मार्को १’ आणि तिथून पुढे आकडे गल्लीबोळांतून वळत, मागे येत, चौकाला वळसा घालत वाढत जातात. कास्तेल्लोत ते ६८०० च्याही पुढे गेले आहेत. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राजवटीत बसवली गेली आणि आजही टपाल याच पत्त्यांवर येतं.

म्हणून हॉटेलवाल्याने ‘कास्तेल्लो ४२००’ एवढंच कळवलं असेल, तर तीन गोष्टी विचारून घ्या: गल्लीचं नाव, जवळचं चर्च किंवा चौक, आणि जवळचा बोटीचा थांबा. नुसतं गल्लीचं नावही पुरत नाही. काल्ले देल फोर्नो, म्हणजे भट्टीची गल्ली, या नावाच्या गल्ल्या शहरभर आहेत, कारण पूर्वी प्रत्येक वस्तीची पावाची भट्टी वेगळी होती.

मोबाइलवरचा नकाशा दोन्ही बाजूंच्या उंच घरांमध्ये गोंधळतो. निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, नाहीतर पाण्यात जाऊन बसतो. तो बॅगेत राहू द्या आणि परतायच्या वेळीच बाहेर काढा. आदल्या रात्री ऑफलाइन नकाशा उतरवून त्यावर हॉटेलचं दार मात्र नक्की खुणावून ठेवा.

३. भिंतीवरचे शब्द वाचायला शिका

कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीवरच पांढरा चौकोन रंगवून त्याला काळी किनार केलेली दिसेल. आत गल्लीचं नाव. याला निझिओलेती म्हणतात. या नावांतला पहिला शब्द सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते तोच सांगतो.

काल्ले म्हणजे साधी गल्ली. सालिझादा आणि रूगा म्हणजे जुन्या वहिवाटीच्या, बहुतेक दुकानं असलेल्या वाटा. या कुठेतरी नेऊन सोडतात. फोंदामेंता म्हणजे कालव्याच्या काठाकाठाने जाणारा रस्ता. हा चालायला उत्तम, कारण एका बाजूला पाणी असल्याने दिशा सुटत नाही. रिओ तेरा म्हणजे कालवा बुजवून केलेला रस्ता. तो रुंद असतो आणि त्याच्या वळणांवरून पाणी कसं वाहत असेल ते अजून ओळखता येतं. सोतोपोर्तेगो म्हणजे घराखालून काढलेला बोगद्यासारखा रस्ता. तो कुणाच्या तरी घरात जातोय असं वाटतं, पण बिनधास्त आत जा. पलीकडे बहुतेक वेळा पूल किंवा चौक असतो. डोकं मात्र सांभाळा, काही ठिकाणी लाकडी तुळया हाताला लागतील इतक्या खाली आहेत.

सावध व्हायचं ते दोन शब्दांपाशी: रामो आणि कोर्ते. रामो म्हणजे गल्लीची फांदी, कोर्ते म्हणजे घरांनी वेढलेलं अंगण. दोन्हींचा शेवट बहुधा भिंतीत होतो. गल्ली सरळ पाण्यात संपली, असंही वारंवार होतं. दोन दगडी पायऱ्या, पुढे कालवा, बस. अशा जागी मी हमखास थोडा वेळ थांबतो. खालच्या पायरीवर हिरवं शेवाळ असतं आणि भिंतीवर भरतीची काळपट रेघ. समोरच्या घराचं पाण्यात उघडणारं दार दिसतं. त्याच्या फळ्या खालून कुजून कातरल्यासारख्या झालेल्या असतात आणि कधी काळी सामान उतरवायला ठोकलेली लोखंडी कडी दगडात गंजत असते. जुन्या घरांचं दर्शनी दार हेच. गल्लीतलं दार मागचं. म्हणजे चालत फिरताना आपण या शहराची बरीचशी मागची बाजूच बघत असतो. फक्त त्या हिरव्या पायरीवर पाय ठेवू नका. ती साबणासारखी निसरडी असते.

नावांचं स्पेलिंग नकाशावर एक आणि भिंतीवर दुसरं असतं. भिंतीवर व्हेनिसची बोली आहे. नकाशावरचं सांती जोव्हान्नी ए पाओलो बोलीत सान झानिपोलो होतं, संत युस्ताकियसचं चर्च सान स्ताए होतं. जर्वासिओ आणि प्रोतासिओ या दोन संतांचं मिळून तर एकच सान त्रोव्हासो. नाव जुळत नाही म्हणून लगेच मागे फिरू नका.

४. पिवळ्या पाट्या म्हणजे परतीचा दोर

घरांच्या कोपऱ्यांवर उंचावर पिवळ्या पाट्या दिसतात: पेर रिआल्तो, पेर सान मार्को, अक्कादेमिया, फेर्रोव्हिया (रेल्वे स्टेशन), पियाझ्झाले रोमा (बसस्थानक). भटकण्याचं सगळं तंत्र या पाट्यांवर उभं आहे. भरकटायचं असेल तेव्हा पाटी जिकडे दाखवते त्याच्या उलट वळायचं. कंटाळलात, पाऊस आला, गाडीची वेळ झाली, की पहिली पिवळी पाटी शोधायची आणि मग एका पाटीवरून दुसरीवर जात राहायचं.

काही ठिकाणी एकाच नावाचे दोन बाण दोन्हीकडे दाखवतात. घाबरू नका, दोन्ही रस्ते तिथे जातात. त्यातला कमी माणसांचा घ्या.

५. सोप्या भागापासून सुरुवात करा

पहिल्याच सकाळी सान पोलोच्या गल्ल्यांत शिरू नका, तो भाग सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. नवख्या माणसाने उत्तर कान्नारेज्योत सुरुवात करावी. तिथे मिझेरिकोर्दिया, सेन्सा आणि मादोन्ना देल्ल’ओर्तो असे तीन कालवे जवळजवळ समांतर धावतात आणि त्यांच्या काठाने लांब, उघडे रस्ते आहेत. एका काठाने जायचं, पूल ओलांडायचा, पुढच्या काठाने परतायचं. चुकलो म्हणावं तर फक्त एका ओळीने.

या भागाच्या पश्चिम टोकाला घेत्तो आहे. १५१६ साली इथल्या प्रजासत्ताकाने ज्यूंना याच छोट्या बेटावर राहण्याची सक्ती केली आणि रात्री दारं बंद करून पहारा ठेवला. जागा वाढेना, माणसं वाढत गेली, म्हणून घरं वर वर चढत गेली. चौकात उभं राहून खिडक्यांच्या ओळी मोजा. शेजारच्या वस्तीत जेवढ्या उंचीत चार मजले बसतात, तेवढ्यात इथे सहा बसवलेले दिसतील. आतली छतं किती खाली असतील याचा अंदाज बाहेरूनच येतो. इथून पूर्वेला सेन्साच्या काठाने गेलं की कांपो देई मोरी हा चौक लागतो. फेटेवाल्या व्यापाऱ्यांचे दगडी पुतळे भिंतीत बसवलेले आहेत, त्यातल्या कोपऱ्यावरच्याला लोखंडी नाक लावलं आहे. चित्रकार तिंतोरेत्तो याच काठावर राहत होता आणि जवळच्याच मादोन्ना देल्ल’ओर्तो चर्चमध्ये त्याला पुरलं आहे. चर्चसमोरच्या काठावरून डावी-उजवीकडे नीट बघा: पलीकडच्या घराच्या भिंतीवर ओझं लादलेला उंट कोरलेला आहे. पूर्वेच्या व्यापारावर गबर झालेल्यांचं हे घर. दगडातला तो उंट मला राजवाड्याच्या सोनेरी दालनांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

दुसऱ्या टप्प्याला कास्तेल्लोचं पूर्व टोक घ्या. व्हिया गारिबाल्दी हा नेपोलियनच्या काळात कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता आहे आणि तिथे अजून रोजची भाजी, वाणसामान, म्हाताऱ्यांचे बाक असं साधं जगणं चालू आहे. तो संपतो तिथून पुढे पूल ओलांडला की सान पिएत्रो बेट. १८०७ पर्यंत शहराचं मुख्य चर्च सान मार्को नव्हतं, हे होतं. पांढऱ्या दगडाचा कललेला घंटाघर-मनोरा, समोर गवत, दोन-चार माणसं. एवढ्या महत्त्वाच्या जागी एवढी शांतता, हे सान मार्कोच्या गर्दीतून आलेल्याला खरं वाटत नाही.

मग तिसऱ्या टप्प्यात सान पोलो आणि सांता क्रोचे. इथे खरोखर चुकाल. रिआल्तोच्या बाजारातून निघा, पिवळ्या पाट्या सोडा आणि सान जाकोमो देल्ल’ओरिओ हा चौक शोधायचा प्रयत्न करा. झाडं, बाक, मध्ये ऐसपैस पसरलेलं जुनं चर्च. पाच मिनिटांच्या अंतराला चाळीस मिनिटं लागली तर ती सत्कारणी लागली असं समजा.

६. चुकल्यावर बघायचं काय

चौकाचौकात मधोमध दगडी कठडा दिसेल, वर लोखंडी झाकण. बसायला बरा आहे म्हणून लोक त्यावर टेकतात आणि पुढे जातात. ती विहीर आहे, पण आपल्या विहिरीसारखी जिवंत झऱ्याची नाही. चारी बाजूंना खारं पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही या शहराची मूळची अडचण. त्यावर उपाय असा केला, की आख्खा चौक खोल खणायचा, तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर द्यायचा म्हणजे खारं पाणी आत शिरणार नाही, आत वाळू भरायची आणि मध्ये विटांचा उभा नळ बांधायचा. चौकाच्या फरशीला हलका उतार देऊन पावसाचं पाणी कोपऱ्यांतल्या छिद्रांच्या दगडांतून खाली सोडायचं. ते वाळूतून गाळून मधल्या विहिरीत जमायचं. झाकणाला कुलूप असायचं आणि ठरावीक वेळी घंटा वाजली की ते उघडायचं. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि विहिरी बंद झाल्या. आता चौकात गेलात की कठड्यापासून थोडं दूर सरका आणि फरशीत ते छिद्रांचे चार पांढरे दगड शोधा. सापडले की पायाखालचा सगळा चौक म्हणजे एक टाकं आहे, हे दिसायला लागतं. एका चौकात हे बघितलं की मग प्रत्येक चौकात नजर आपोआप जमिनीकडे जाते.

दोर्सोदुरोत सान बार्नाबापाशी पोन्ते देई पुन्यी हा पूल आहे. त्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत पांढऱ्या दगडाचे पाऊलठसे बसवलेत. शहरातल्या दोन गटांची, कास्तेल्लानी आणि निकोलोत्ती यांची, या पुलावर ठोशांची लढाई व्हायची आणि ती पाऊल ठशावर ठेवून सुरू व्हायची. तेव्हा पुलाला कठडा नव्हता, त्यामुळे हरणारा सरळ कालव्यात. १७०५ साली हा प्रकार बंद केला. मुलं बरोबर असतील तर त्यांना ठशांवर उभं करा, त्यांना हा पूल बाकी सगळ्या चर्चपेक्षा जास्त आठवतो. पुलाखाली नावेतच भाजीचं दुकान लागलेलं असतं.

कान्नारेज्योत काल्लेत्ता व्हारिस्को नावाची एक गल्ली आहे, अरुंद टोकाला जेमतेम ५३ सेंटिमीटर. पाठीवरची सॅक काढून हातात घ्यावी लागते. मार्को पोलोच्या कुटुंबाची घरं होती ती जागा, कोर्ते सेकोंदा देल मिलिओन, रिआल्तोपासून पाच मिनिटांवर आहे आणि तिथल्या दगडी कमानीवरचं प्राणी-पक्ष्यांचं कोरीवकाम पोलोच्याही आधीचं. लोक पुलावर गर्दी करतात आणि इथे बहुतेक वेळा शुकशुकाट असतो.

७. वेळ साधा

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांचा वेळ. शहरात मुक्काम असेल तर सात वाजता बाहेर पडा. कचऱ्याच्या आणि मालाच्या नावा चालू असतात, हातगाडीवाले पुलाच्या पायऱ्यांवरून गाडी चढवत असतात (त्यांना आधी वाट द्या, ते कामावर आहेत), बेकरीतून वास येतो. रात्री नऊनंतर तर तेच शहर आपलं एकट्याचं. म्हणून एक तरी रात्र जुन्या शहरातच काढावी, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत नको. खर्च वाढतो, पण तो इथे वाढवावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

मुक्काम न करता येणाऱ्यांना २०२४ पासून वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. आधी नोंदवलं तर पाच युरो; २०२५ पासून ऐनवेळी आलात तर दहा. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीची नोंद ऑनलाइन करून तो कोड जवळ ठेवावा लागतो. निघण्याआधी आपली तारीख त्या यादीत आहे का, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

८. विचारायचं कसं

“स्कूझी, पेर रिआल्तो?” एवढं पुरे. उत्तर बहुतेक “सेम्प्रे द्रितो” येईल, म्हणजे सरळ जा. व्हेनिसमध्ये सरळ गल्ली नसतेच, तेव्हा त्याचा अर्थ घ्यायचा की मुख्य वहिवाट सोडू नका. रस्ता पुलांवरून सांगतात: दोन पूल ओलांडा, पूल उतरलात की डावीकडे. ‘पोन्ते’ म्हणजे पूल, ‘दुए’ दोन, ‘त्रे’ तीन, ‘देस्त्रा’ उजवीकडे, ‘सिनिस्त्रा’ डावीकडे. सांगणाऱ्याची बोटं मोजा.

गल्लीत उजवीकडून, एकामागे एक चाला आणि पुलाच्या माथ्यावर घोळका करून उभे राहू नका. जुन्या शहरात आता पन्नास हजारांहूनही कमी लोक राहतात. ज्या गल्लीत आपण फोटोसाठी थांबतो ती कुणाची तरी दवाखान्याला जायची वाट असते.

९. पोट, पाणी, पाय

नळाचं पाणी चांगलं आहे आणि चौकाचौकात ते अखंड वाहत असतं. बाटली बरोबर ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहं पैसे भरून वापरायची आहेत आणि आतल्या गल्ल्यांत ती लवकर सापडत नाहीत. म्हणून कॉफी प्यायला थांबाल तेव्हाच उरकून घ्या. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. टेबलावर बसलं की दर वाढतो, सान मार्कोच्या चौकात तर कैकपटीने.

दुपारी जेवणाऐवजी बाकारो गाठा. ही छोटी दारूची दुकानं. काचेच्या कपाटात चिकेत्ती, म्हणजे पावाच्या किंवा पोलेंताच्या (मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या) तुकड्यावर काहीबाही रचलेले घास ठेवलेले असतात. बोटाने दाखवायचं, उभ्याने खायचं, पुढे निघायचं. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: बाकाला मांतेकातो हा सुकवलेल्या कॉडचा लोण्यासारखा फेटलेला गोळा आणि कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या तारल्या, म्हणजे सार्दे इन साओर, हे दोन्ही खाऊन बघाच. शाकाहारी मंडळींनी “सेंझा कार्ने, सेंझा पेशे” (मांस नको, मासे नको) हे पाठ करावं आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चीजचा तळलेला पाव, मोझ्झारेल्ला इन कार्रोझ्झा, इथे बऱ्याचदा आत अँकोव्ही मासा किंवा हॅम घालून करतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. अंड्याचं, शतावरीचं त्रामेझ्झीनो सँडविच आणि आर्टिचोकचा शिजवलेला गाभा हे मिळतात. रिआल्तोच्या बाजारात तो गाभा सोलून पाण्याच्या बादलीत ठेवलेला दिसेल. भाजीबाजार सकाळी बघा. मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो.

सान मार्कोच्या चौकात जमिनीवर बसून डबा खाल्ला किंवा कालव्यात पोहलात तर दंड होतो. डबा खायचा तर लांबच्या चौकातले बाक आहेत.

जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर त्यांच्यासाठी वापोरेत्तोचा, म्हणजे शहराच्या प्रवासी बोटींचा, चोवीस तासांचा पास काढा (२५ युरो, एकेरी तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरो). दोन फेऱ्यांच्या वर गेलात की पास परवडतो. एक नंबरची बोट ग्रँड कनालने संथपणे प्रत्येक थांब्यावर थांबत जाते. लहान मुलांचा हात फोंदामेंतावर सोडू नका, बऱ्याच काठांना कठडा नाही.

१०. पाणी चढलं तर

शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत, विशेषतः ऑक्टोबर ते जानेवारी, भरतीचं पाणी रस्त्यावर येतं. याला आक्वा आल्ता म्हणतात. १२ नोव्हेंबर २०१९ ला भरतीचं पाणी समुद्रपातळीच्या मापात (रस्त्यावरच्या खोलीत नव्हे) १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. १९६६ च्या १९४ नंतरचं हे सगळ्यात मोठं. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी मोसे नावाची उचलती दारं वापरात आहेत आणि मोठं पाणी ती अडवतात. लहान भरतीला ती नेहमी उचलत नाहीत, त्यामुळे सान मार्कोसारख्या सखल जागी घोटाभर पाणी अजूनही येऊ शकतं. ते काही तासांत ओसरतं. मुख्य वाटांवर लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडतात, त्यावर थांबू नका, चालत राहा. त्या दिवशी भटकंती मात्र आवरा, कारण आतल्या गल्ल्यांत फळ्या नसतात आणि पाण्याखाली रस्ता कुठे संपून कालवा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

११. परत निघताना

गाडीच्या दीड तास आधी भरकटणं थांबवा. ‘फेर्रोव्हिया’ची पिवळी पाटी धरा. सान मार्कोहून स्टेशन चालत पस्तीस-चाळीस मिनिटं, एक नंबरच्या बोटीने पाऊण तास, आणि संध्याकाळी बोटी भरून येतात म्हणून एखादी सोडावी लागते. गर्दीच्या वेळी मी चालणंच पसंत करतो. स्टेशनसमोर स्काल्झीचा पूल आहे, तो ओलांडायचा की नाही हे तुम्ही ग्रँड कनालच्या कोणत्या काठाने येताय त्यावर ठरेल. स्टेशन कान्नारेज्योच्या काठाला आहे. बॅगा सकाळीच स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा आणि ते बंद किती वाजता होतं हे ठेवतानाच विचारून घ्या.